दाराची जागा

घणमेस्त्री हळू बोललेला मी कधी ऐकला नाही. चहात साखर जास्त झाली एवढेसुद्धा तो असे सांगायचा, की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पंख फडफडवत कुंपणावर चढायच्या. त्याचे खरे नाव त्याच्या आधार कार्डावर असेल; बाकी डिचोलीपासून पेडण्यापर्यंत सगळ्यांना तो घणमेस्त्री म्हणूनच ठाऊक. सावंतवाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी खाणीवर कामाला आला, खाण बंद पडली तेव्हा थापी हातात धरली आणि गवंडी झाला. पण बांधायला बोलावलेला हा माणूस अंगणात पाऊल ठेवल्याबरोबर आधी घण मागायचा.

"आदी मोडूक व्हया," तो म्हणायचा. "मोडल्याबगर आत काय आसा ता कळणा नाय."

तो आमच्याकडे आला तेव्हा मी स्वतःच मोडून आले होते. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. गळ्याखालचे डाव्या बाजूचे हाड मोडले होते आणि हात झोळीत होता. मांद्र्याला माझे सासर. किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर घर, आणि मागच्या बाजूला पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सहा खोल्या. त्या खोल्यांच्या चादरी मी धुतल्या, संडास मी घासले, रशियनांना आणि दिल्लीकरांना हसतमुखाने न्याहारी मी दिली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात माझा नवरा एक किल्ली ठेवायचा. नऊ वर्षांत मला मात्र कुठल्याच दाराची किल्ली मिळाली नाही. मारायचा तो कारण शोधून मारायचा. टॉवेल एक कमी भरला. पाहुण्याशी जास्त बोललीस. पाहुण्याशी तुसडेपणाने बोललीस. शेवटच्या वेळचे कारण मला आठवत नाही. कोपऱ्यात उभा असलेला लोखंडी पाइप तेवढा आठवतो. दुसऱ्या दिवशी नवरा बाजारात गेलेला पाहून मी बस पकडली, चोपड्याच्या पुलावरून म्हापशाला आणि म्हापशाहून डिचोलीला आले. आले ती हात हलवत, आणि तोही एकच हलत होता.

माहेरचे घर शिरगावच्या वाटेवर. घरात आई, दादा आणि वहिनी. खोल्या तीन, म्हणजे मला निजायला जागा स्वयंपाकघरातली. महिनाभराने दादाने ठरवले, की गाराजाचा काही भाग बंद करून हिला दोन खोल्या काढून द्यायच्या. बाबा होते तेव्हा आमचा खनिज वाहणारा टिपर होता. त्याच्यासाठी त्यांनी घराच्या कुशीला लागून हे लांबलचक, उंच गाराज बांधले होते. बाबा गेले, टिपर भंगारात गेला, आणि एवढ्या मोठ्या जागेत एका कडेला दादाची मारुती आणि बाकी नारळाच्या सोडणांचा ढीग उरला. गाडीपुरती जागा शटरसकट दादाने ठेवायची, उरलेल्या भागात पुढे एक खोली, मागे छोटे रांधपघर आणि न्हाणी माझी.

दादा वाईट माणूस नव्हे. पण चार लोक काय म्हणतील याचा त्याला एवढा धाक, की तो शिंकतानासुद्धा आजूबाजूला बघायचा. त्याने अट घातली. माझ्या खोल्यांना रस्त्याकडून दार असणार नाही. पुढची बाजू सरसकट भिंत, वर एक लहान खिडकी. येणेजाणे आमच्या स्वयंपाकघरातून.

"म्हाका म्हजें दार जाय," मी म्हटले. माझे वेगळे दार मला हवेच होते.

"भितरल्यान आसा न्हय? भायल्यान कित्याक जाय?" दादा म्हणाला. "घोवाक सोडून आयल्या तूं. कोण येता, कोण वता, घरच्यांक दिसूंक नाका?"

मी भांडले. आई तांदूळ निवडत राहिली. शेवटी मी गप्प बसले, कारण ताट त्याच्या घरचे होते. पण ते दार माझ्या डोक्यातून गेले नाही. मला लपून काही करायचे नव्हते. मला फक्त माझ्या मनाने बाहेर पडायचे होते, माझ्या मनाने आत यायचे होते, आणि कोणाला आत घ्यायचे नाही ते मी ठरवायचे होते.

घणमेस्त्रीने पहिल्या दिवशी गाराजाची जमीन फोडली. दादा बोंबलला, कारण जमीन चांगली टणक होती. मेस्त्रीने घणाच्या टोकाने एक ढेपसा उलटा केला आणि दादाच्या नाकाला लावला. पंचवीस वर्षांचे टिपरचे तेल त्यात मुरलेले. "ह्या दारुडी जमीन आसा," तो गरजला. "हिच्यार लाद्ये बसवलंस तर पावसाळ्यात एकेक लादी नाचतली!" सबंध जमीन उखडायला चार दिवस लागले. बेळगावकडचे दोन कामगार त्याच्या हाताखाली होते, पण घण तो स्वतः चालवायचा. साठीचा माणूस, काळा, हडकुळा, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी. घण डोक्यावर गेला की त्याच्या पाठीचा एकेक मणका मोजून घ्यावा. आदळला की घरातली भांडी वाजायची. भांड्यांबरोबर मीही. प्रत्येक दणक्याला माझे डोळे मिटायचे आणि धड हात आपोआप डोक्यावर जायचा.

जांभ्याच्या चिऱ्यांना तो माणसांसारखी वागणूक द्यायचा, म्हणजे वाईट. गाडीतून चिरे उतरले की एकेकावर हातोडी वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर बाजूला ठेवायचा आणि काही बोलायचा नाही. बद्द वाजला की त्याची जात काढायचा ती थेट स्वतःच्या नातेवाइकांवर नेऊन. "हो माझो मेव्हणो! वरसून बरो, आतसून भुसो!" एका खेपेला त्याला सतरा मेव्हणे मिळाले. ते सगळे त्याने भर रस्त्यात फेकून फोडले, आणि चिरेवाल्याचा ड्रायव्हर गाडीची काच वर करून बसला. गाडी जाईपर्यंत तो बाहेर आला नाही.

त्याचा जीव कशात असेल तर तो सांधमोडीत. खालच्या थरातला दोन चिऱ्यांमधला सांधा आणि वरच्या थरातला सांधा एका रेषेत येता कामा नये, वरचा चिरा खालच्या सांध्यावर बसला पाहिजे, याला सांधमोड म्हणतात हे मला त्याच्यामुळे कळले. एकदा तो न्हाणीचे माप घ्यायला आत गेला असताना बेळगावच्या दोघांनी मधल्या भिंतीचे तीन थर चढवले. एका ठिकाणी सांध्यावर सांधा आला. मेस्त्री बाहेर आला, बघितले, आणि घण उचलला. तिन्ही थर भुईसपाट. मग तोंड सुटले. त्या दोघांच्या आया-बहिणींपासून सुरुवात होऊन ते तालुक्याच्या सर्व गवंड्यांपर्यंत गेले. चिऱ्याची एक कपची उडून माझ्या पायाला लागली, रक्त आले, तरी तो थांबेना.

माझे काय झाले कोण जाणे. मी स्वयंपाकघरातून पळत आले आणि ओरडले, "मेस्त्री, पुरे! बोंबलल्याशिवाय तुम्हाला बोलताच येत नाही काय? नऊ वर्षं मी हेच ऐकून आले. आता माहेरातही हेच ऐकायचं?"

बेळगावचे दोघे जमिनीकडे बघू लागले. घणमेस्त्रीने घण खाली ठेवला.

"घरात मोठ्यान बोलूक लागता!" तो म्हणाला, म्हणजे ओरडलाच. "सवय झाली. माझ्या बायलेच्या डाव्या कानान आयकाक येणा नाय!"

"का?"

"मीच फोडलंय! एका थापडीन! जेवणात मीठ नव्हता म्हणान!"

हेसुद्धा त्याने त्याच आवाजात सांगितले. पलीकडच्या घरातल्या बाईने खिडकीतून डोके बाहेर काढले. मला संताप आला. नवऱ्यावरचा सगळा राग आयता समोर उभा राहिल्यासारखा झाला. मी आत गेले आणि त्या दिवसापासून त्याचा चहा बंद केला. बेळगावच्या दोघांना चहा आणि पांव, मेस्त्रीला काही नाही. तो नळाचे पाणी प्यायचा आणि काम करायचा. चहा का नाही हे त्याने विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मी चिऱ्यांवर पाणी मारत होते, तेव्हा तो थापी धूत धूत म्हणाला, "बाये, तू रागावलंस ता बरा केलंस. माझी बायल कधी रागावलीच नाय. तीस वर्सा झाली, रोज जेवूक वाढता, मीठ चाखून वाढता. ती कधीतरी ताट फेकून मारीत म्हणान मी वाट बघतंय."

मी त्याला माफ केले नाही. माफ करायचे ते माझे नव्हेच. पण दुपारी त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला. त्याने एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून बोंबलला. मला हसू आले, आणि हसू आले याचाही राग आला. त्यानंतर मात्र तो घण उचलला की मी बघत उभी राहायला शिकले. मारणाऱ्या हाताकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे हे माझ्यासाठी थोडेथोडके नव्हते.

मला त्याचे हात आवडू लागले होते हेही सांगून टाकते. ओळंबा धरून एक डोळा मिटला की त्याचा चेहरा एकदम सोज्वळ दिसे. रांधपघरातला ओटा त्याने तीनदा फोडला, कारण त्याला तो माझ्यासाठी उंच वाटला. "ह्याचा हाड मोडलेला आसा, वर हात करून भांडी घासतला काय?" तो दादाला म्हणाला. त्या घरात माझ्या उंचीचे असे त्या दिवशी पहिल्यांदा काही झाले.

पुढच्या भिंतीची वेळ आली तेव्हा दाराचा विषय मी पुन्हा काढला. दादाने पुन्हा तेच सांगितले. मेस्त्री तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे वळून म्हटले, "मेस्त्री, तुम्ही तरी सांगा." तो तंबाखू मळत राहिला. "मालक सांगता ता मी करूचा," एवढेच म्हणाला. मला क्षणभर त्याची अगदी तिडीक आली. सबंध जग फोडायला निघालेला माणूस, आणि मालकापुढे एवढा नरम!

ती भिंत त्याने एकट्याने बांधली. बेळगावच्या दोघांना मागच्या न्हाणीच्या कामाला लावले आणि एकालाही पुढे फिरकू दिले नाही. दारे जेवढी उंच असतात तेवढ्या उंचीवर त्याने लोखंड घालून शिमिटाचा पट्टा ओतला. "भितीक बळ येता," त्याने दादाला सांगितले, आणि दादा खूश झाला. बाहेरून सांध्यांत शिमिटाचा दर्जा भरून भिंत अशी गुळगुळीत केली, की एक सांधा दिसू नये. मी त्या दोन दिवसांत त्याच्याशी बोलले नाही.

यादरम्यान मांद्र्याहून फोन सुरू झाले होते. आधी नवऱ्याच्या काकांचे, मग मध्यस्थांचे, मग त्याचे स्वतःचे. मी घेत नसे, दादा घ्यायचा आणि "बसून उलोवया, बसून उलोवया", म्हणजे बसून बोलू या, असे म्हणायचा. गाराजात खोल्या होताहेत ही बातमी पोचली तेव्हा फोन बंद झाले. मला बरे वाटले. बरे वाटणे ही चूक होती.

शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. मी माझ्या पुढच्या खोलीत होते आणि मेस्त्री फळीसाठी भिंतीवर खुणा करत होता. बाहेर जीप थांबली. तिचा आवाज मी लगेच ओळखला. नवरा हॉर्नवर हात ठेवून मला हाका मारू लागला. दादा घरापुढच्या ओसरीवर, बाल्कांवावर आला आणि म्हणाला, "येयात, बसून उलोवया."

"बसपाक येवंक ना," नवरा ओरडला. "तिका भायर काड. गाराजांत रावपाक तिका लग्न करून हाडूंक ना आमी!"

मी हलले नाही. खिडकी उंच होती, मला काही दिसत नव्हते. जीप मागे गेल्याचा आवाज आला, आणि मी मूर्ख, मला वाटले तो जातो आहे. मग इंजिन गुरगुरले. मेस्त्रीला माझ्याआधी कळले. टिपरांच्या मधे अर्धे आयुष्य काढलेला माणूस तो. त्याने मला अशी ढकलली की मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन आपटले, आणि त्याच वेळी भिंत आत आली.

चिरे कोसळायचा आवाज फार वेळ चालतो. धूळ बसली तेव्हा भिंतीत उजेड होता आणि त्या उजेडात जीपचे नाक. मेस्त्री गुडघ्यावर बसला होता. त्याचा उजवा हात चिऱ्याखाली होता. त्याने डाव्या हाताने चिरा ढकलला, हात बाहेर काढला, बघितला. बोटे बोटांसारखी दिसत नव्हती. मी किंचाळले. तो गप्प होता. मेस्त्री गप्प असणे ही त्या दिवसाची सर्वांत भयंकर गोष्ट होती.

त्याने डाव्या हाताने हातोडा उचलला आणि भगदाडातून बाहेर गेला. पहिला दणका जीपच्या दिव्यावर. दुसरा दुसऱ्या दिव्यावर. मग बॉनेट, मग आरसे, मग समोरची काच. घाई नव्हती. बिघडलेले बांधकाम जसा क्रमाने फोडायचा तशीच ती जीप त्याने फोडली, आणि उजव्या हातातून रक्ताची धार लुंगीवर. नवरा आत दोन्ही हात डोक्यावर धरून वाकला होता. ते हात मी ओळखले. तसे हात नऊ वर्षे माझे होते.

मी भगदाडात उभी राहून ओरडले, "मार! मेस्त्री, त्याला मार! डोकं फोड त्याचं!"

होय, मी म्हटले हे. पुढे जबानी देताना हवालदारापुढेही लपवले नाही. मला तो मेलेला हवा होता. काच फुटलेली होती, डोके हातोड्याच्या टप्प्यात होते. मेस्त्रीने हातोडा उचलला. नवऱ्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. दादा बाल्कांवावरच्या खांबाला धरून उभा होता.

मेस्त्रीने हातोडा जीपच्या टपावर आपटला आणि टाकून दिला.

"माणूस फोडूचा सोपा आसता, बाये," तो म्हणाला. "मी फोडलंय. परत सांधूक येणा नाय."

नवऱ्याने जीप मागे घेतली, अंगणाच्या गडग्यावर आपटली, आणि ती तशीच दिव्यांशिवाय रस्त्याला लागली. डिचोलीच्या बाहेर पोचायच्या आत पोलिसांनी पकडली. तिकडच्या लोकांनी उलटी तक्रार केली, की परप्रांतीय गवंड्याने आमच्या माणसाला मारायचा प्रयत्न केला. त्या वेळी मात्र दादा पोलीस चौकीत उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "ताणें गाडी घातली. म्हजी भयण भितर आसली." बोलून झाल्यावर त्याने नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितले, पण शब्द मागे घेतले नाहीत. आता खटला चालू आहे, घटस्फोटाचाही. त्यांचे काय व्हायचे ते होईल.

मी सांगत होते ते त्या दुपारचे. दादाच्या मारुतीत मेस्त्रीला मागे घालून आम्ही इस्पितळात निघालो. मी त्याचा हात टॉवेलात धरून बसले होते. त्याला शुद्ध होती आणि तोंडाला पुन्हा सुरुवात झाली होती. अचानक तो म्हणाला, "माझ्या भितीक नाव ठेवू नको हां. भित पडली नाय. बघलंस मा?"

तेव्हा मला लक्षात आले. भिंत खरोखर पडली नव्हती. पट्ट्याच्या वरचा सगळा भाग जागेवर होता, दोन्ही बाजूही जागेवर होत्या. पडला होता तो मधला साडेतीन फुटांचा तुकडा, जमिनीपासून पट्ट्यापर्यंत, कडा अगदी सुतात.

"थंय मी सांधमोड करूक नाय," मेस्त्री म्हणाला. "दोनय बाजूक सरळ सांधो सोडलंय. मातीत चिरे बसवलंय, वरसून फक्त दर्जा. कधी तुझ्या भावाची मती सुधारली, तर दोन घणात दार मोकळा जातला."

पुढे गाडी चालवत असलेल्या दादाची मान ताठ झाली. "हांवें दार नाका म्हणून सांगिल्लें," तो पुटपुटला.

"दार नको म्हटलंस, मालक! दाराची जागा नको म्हणान खंय म्हटलंस?"

मी रडायला लागले. कारण पुढचे गणित मलाही करता येत होते. सांधमोड केली असती, सगळे चिरे शिमिटात बसवले असते, तर ती भिंत कदाचित हलली नसती. सबंध आयुष्यात या माणसाने एकच भिंत जाणूनबुजून चुकीची बांधली, ती माझ्यासाठी, आणि तिनेच त्याचा हात खाल्ला. मी ते बोलून दाखवले. त्याने माझ्याकडे असे बघितले, की जणू मीच बद्द वाजणारा चिरा.

"मगे दार खंयसून इला असता?" तो गरजला.

डॉक्टरांनी दोन बोटे काढली. उरलेली आहेत, पण थापी धरत नाहीत. दादाने दुसरा गवंडी बघायची गोष्ट काढली तेव्हा मेस्त्रीने इस्पितळाच्या खाटेवरूनच त्याला एवढ्या शिव्या दिल्या, की नर्स धावत आली. दहाव्या दिवशी तो पट्टी बांधलेला हात घेऊन परत आमच्या अंगणात हजर. पालथ्या घमेल्यावर बसून त्याने मला विचारले, दादाला नव्हे, "बाये, काय करूचा? बुजवूचा, की दार घालूचा?"

"दार," मी म्हटले. दादा सुताराला फोन लावायला आत गेला.

चौकट घट्ट बसावी म्हणून दोन्ही कडांना लागून चिऱ्यांची बाजू मी बांधली. हो, मी. माझे हाड जुळले होते, आणि मेस्त्रीचे तोंड शाबूत होते. चार दिवस मी चिरे तासले, सूत लावले, ओळंबा धरला, आणि जन्मात ऐकल्या नव्हत्या एवढ्या शिव्या खाल्ल्या. दोनदा मी केलेले काम त्याने लाथेने पाडले. तिसऱ्यांदा मीच पाडले, कारण मलाच ते वाकडे दिसले, आणि त्या वेळी तो काहीही बोलला नाही. मला वाटते, त्याने मला दिलेली तेवढीच शाबासकी. चौकट बसली, सुताराने फणसाच्या जाड फळ्यांचे दार आणून लावले, आणि आतून कडी.

त्या सकाळी तो गावी जायला निघाला. कामाला पुन्हा यायचे नाही हे त्यालाही माहीत होते, मलाही. पिशवी खांद्याला, पायात चपला, उजवा हात पोटाशी. आईने त्याला नारळ दिला, दादाने हात जोडले. तो माझ्याकडे वळला.

"आत जा," तो म्हणाला. "कडी घाल."

मी आत गेले. दार लावले, कडी घातली. बाहेर त्याने घसा खाकरल्याचे ऐकू आले.

"बाये, मी लाथ घालतंय. घालू मा?"

आजवर मला हे कुणी विचारले नव्हते. मी दारापासून एक पाऊल मागे सरले, मग पुन्हा पुढे आले.

"घाला," मी म्हटले.

पहिली लाथ बसली तेव्हा चौकटीतून धूळ उडाली. दुसरी त्याहून जोराची. तिसऱ्या लाथेबरोबर त्याने जी शिवी दिली ती मला इथे लिहिता येणार नाही, पण तिच्याइतका मायेचा शब्द मला त्याआधी कुणा पुरुषाने दिला नव्हता. मी दोन्ही तळवे दारावर टेकून उभी होते. प्रत्येक दणका फळीतून माझ्या हातात येत होता आणि तिथेच संपत होता. दार हलले नाही. माझे डोळे मिटले नाहीत.

"दार ऱ्हातला!" तो बाहेरून ओरडला, आणि त्याच्या चपला अंगणातून रस्त्याच्या दिशेने गेल्या. मी लगेच कडी काढली नाही. जेव्हा मला वाटले तेव्हा काढली.